एका टाकीचा घेवडा

वराळ्याच्या ठिबकवाल्यानं मला फसवलं. मी भाव पाडला म्हणून त्यानं माल कापला, आणि त्या कापण्यानं काय बिघडेल ते सांगितलं नाही. त्यात माझ्या आईचं बियाणं गेलं. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या भाजे गावात ही गोष्ट आता उलटी सांगितली जाते. हिच्या घासाघिशीनंच हिचा घेवडा मारला, असं लोक हसून सांगतात. माझा नवरा त्यांच्यात बसून चहा पितो.

घासाघीस मी करते, हे कबूल. माझा संसार त्यावरच उभा आहे. लग्न होऊन आंदर मावळातून इकडे आले तेव्हा घरात नवऱ्याची रोजंदारी आणि एका खाचराचा भात, एवढंच होतं. लेणी बघायला येणाऱ्या लोकांना पायऱ्यांशी बसून मी आधी कणसं विकली, मग लिंबू सरबत, मग भजी, मग पिठलं-भाकरी. आज माझ्या चार खोल्या आहेत. शनिवार-रविवारी त्या भाड्यानं जातात आणि पाहुणे गच्चीवर जेवायला बसतात. यातलं मला कुणी काही दिलेलं नाही. फरश्या, दारं, पंखे, गाद्या, एकेका वस्तूचा भाव मी दुकानात उभी राहून पाडला आहे. लोणावळ्याचा एक गादीवाला मला रस्त्यावरून येताना पाहिलं की आधी चहा सांगतो आणि मग बाकीच्या गिऱ्हाइकांना उद्या या म्हणतो.

पण घासाघिशीला एक रीत असते. घेणाऱ्यानं मागायचं, विकणाऱ्यानं नाही म्हणायचं. घेणाऱ्यानं उठून चार पावलं जायचं, विकणाऱ्यानं हाक मारायची. अगदीच परवडत नसेल तर हाक मारायची नाही, जाऊ द्यायचं. आणि कमी भावात द्यायचंच असेल, तर हलका माल समोर दाखवून द्यायचा. तीन कणसांच्या भावात चार मागणारे पुण्याचे लोक मी वर्षानुवर्षं पाहिले. मी चार द्यायची. पण खालच्या टोपलीतली काढायची, सोलून दाखवायची आणि सांगायची, ही बघा, ही दाणा कमी भरलेली आहेत, या भावात ही मिळतील. काही घ्यायचे, काही तोंड वाकडं करून जायचे. न सोलता पोचट कणीस मी कुणाच्या हातात दिलेलं नाही. भांडण झालं तर होऊ द्यावं, पण ते माल हातात पडण्याआधी व्हावं.

आई माझ्याकडे आली त्याला आता दोन वर्षं होतील. भावानं गावाकडचं घर आणि मागची जमीन बंगल्यांसाठी विकली आणि तो चिंचवडला गेला. तिथल्या तिसऱ्या मजल्यावर आईचं मन लागेना. दीड महिन्यात ती माझ्याकडे आली, कपड्यांची एक पिशवी आणि पत्र्याचा एक डबा घेऊन. डब्यात राख होती आणि राखेत घेवड्याचं बी.

हा घेवडा बाजारात मिळतो तसा नाही. शेंग दोन बोटं रुंद, चपटी, कडेला जांभळी किनार. बी काळं कुळकुळीत, एका बाजूला पांढरी रेघ. आमच्या वस्तीत तो गोठ्याच्या छपरावर चढवायचे. दसऱ्याला फुलं, दिवाळीनंतर शेंगा, आणि भोगीच्या भाजीत तो नसला तर माझे वडील ताटावरून उठायचे. त्याला वेगळं नाव नव्हतं. घेवडा म्हणजे हाच. आईला तो तिच्या सासूनं दिलेला, आणि दर साली दारची पहिली चांगली शेंग न खाता बियाण्याला ठेवायची हे कामही सासूनंच दिलेलं.

आली त्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पेरणीचे दिवस दवाखान्यात गेले. दुसऱ्या वर्षी ज्येष्ठात तिनं डबा उघडायला लावला. राख चाळली तर निम्म्याहून जास्त बियांना भुंगा लागलेला. चांगलं बी निवडून तिनं माझ्या ओंजळीत घातलं. एकोणीस.

"औंदा न्हाई टाकलं तर फुडल्या सालाला पीठ व्हईल ह्याचं," ती म्हणाली.

मी गावाकडे फोन केले, एकदा स्कूटरवर जाऊनही आले. आमच्या वस्तीतली तीन घरं उरली आहेत. तिघांकडेही विचारलं. त्यांच्या दारात पाकिटातल्या बियाण्याचा घेवडा होता, हिरवागार, बिनकिनारीचा. एका वहिनीनं सांगितलं, तुझ्या आईकडं हाय म्हणून आमी ठेवलंच न्हाई. म्हणजे जे होतं ते एवढंच, एकोणीस बिया.

माझ्या घराभोवती मात्र वीतभर माती नाही. होती ती मीच काँक्रीटखाली घातली, पाहुण्यांच्या गाड्या लावायला. खाचरात पावसाळाभर पाणी उभं असतं आणि बांधावर काही लावलं तर वानरं ठेवत नाहीत. राहिली गच्ची. तिला वानरांसाठी जाळी आणि पावसासाठी प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे आधीच लावलेले होते. आई म्हणाली, तेलाचे रिकामे डबे हायेत, माती भर आन टाक. पण त्याच सुमारास लोणावळ्यात एका बंगल्यावर जेवणाची ऑर्डर द्यायला गेले असताना मी मातीविना भाजी बघितली होती. बादल्यांच्या रांगा, बारीक काळ्या नळ्या, आणि पाला असा की हात लावायला भीती वाटावी. तिथले पाहुणे जेवण सोडून त्याचे फोटो काढत होते. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. आईचा घेवडाही होईल आणि पाहुण्यांना दाखवायलाही काहीतरी होईल. त्या बंगल्याच्या माळ्यानं मला वराळ्याच्या माणसाचा पत्ता दिला.

माणूस चाळिशीचा, कंपनीतली नोकरी सोडून हा धंदा काढलेला. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं पुण्याचं. त्यानं मला सगळं नीट समजावलं, हे मी नाकारत नाही. मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या बादल्या. टाकीत खत विरघळवलेलं पाणी. टायमर लागला की मोटर सुरू होते आणि प्रत्येक नळीतून मुळाशी थेंब थेंब पाणी पडतं. उरलेलं पाणी बादलीच्या बुडाच्या भोकातून पाइपात आणि पाइपातून परत टाकीत. एक थेंब वाया नाही. मला ते आवडलं. वाया न जाणारी प्रत्येक गोष्ट मला आवडते.

मग त्यानं कागदावर लिहून दिलं. चोवीस बादल्या, दोन टाक्या, दोन मोटरी, दोन टायमर. दोन कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, पाल्याचं वेगळं आणि फळाचं वेगळं ठेवता येतं, सोयीचं पडतं. सोयीचं हा शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात. विकणारा जेव्हा सोय म्हणतो तेव्हा ती वस्तू काढता येते. मी तिथेच धरलं. अर्धा तास मी बोलत होते आणि तो कागदाकडे बघत होता. शेवटी मी म्हणाले, एक टाकी, एक मोटर, एक टायमर, आणि या भावात द्यायचं असेल तर आज घेते.

आणि मग मी पदराची गाठ सोडून त्याच्या टेबलावर बी ठेवलं. हे माझ्या आईचं आहे, एकोणीसच आहेत, दुसरीकडे कुठेही मिळत नाही, हे मी त्याला सांगितलं. हे सगळं ज्याच्यासाठी घेते आहे ते हे आहे, असंही सांगितलं. त्यानं एक बी तळहातावर घेऊन फिरवलं.

"एका टाकीवर हा घेवडा होईल का?" मी विचारलं.

"होईल, ताई. देशी आहे, जोमानं येईल. टेन्शन घेऊ नका."

मी जिंकले असं मला वाटलं. उठून चार पावलं जायचीसुद्धा वेळ आली नाही. तिथेच मला कळायला हवं होतं. जो माणूस एकदाही नाही म्हणत नाही, त्याच्याकडून मी त्या दिवसापर्यंत कधी काही घेतलं नव्हतं.

आठ दिवसांत गच्चीवर बादल्या लागल्या. आईला मी धरून वर नेलं. तिनं खुर्चीवर बसून नळ्या बघितल्या, बुडाखालचे पाइप बघितले, टायमरचा टिकटिक आवाज ऐकला.

"सलाइन लावलंय व्हय झाडांना?" ती म्हणाली. "आन आजारी कोन हाय?"

नवरा इतका हसला की खाली पाहुणे वर बघायला लागले. मीही हसले. तिनं त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तेव्हा मात्र मी हसले नाही, चिडले. ती म्हणाली, चार बिया मला दे, मी तेलाच्या डब्यात मातीत टाकते. मी म्हणाले, आई, एवढं यंत्र आणलंय, आता डबे कशाला, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. एकोणीसच्या एकोणीस बिया मी एकेका बादलीत दोन-दोन करून टाकल्या. ही चूक माझी आहे. ती मी कुणावर ढकलत नाही.

सोळा उगवल्या. बाकीच्या बादल्यांत पालक, मेथी, कोथिंबीर आणि पाहुण्यांना आवडतो तो सॅलडचा पाला. पंचवीस दिवसांत गच्ची अशी दिसायला लागली की शनिवारी लोक ताट हातात घेऊन बादल्यांच्या मध्ये बसायचे. घेवड्याचे वेल तर बघता बघता जाळीवर गेले. मी ठिबकवाल्याला फोटो पाठवायची, तो अंगठा पाठवायचा. एकदा त्यानं विचारलं, हा फोटो माझ्या जाहिरातीत टाकू का. मी म्हणाले टाक, पण पुढच्या खताला काहीतरी कमी कर. त्यानं केलं.

आई रोज सकाळी ऊन पडलं की वर यायची. गणपतीत ती खूश होती. नवरात्र आलं तशी तिची बडबड कमी झाली. एका सकाळी तिनं एक पान तोडून माझ्या तळव्यावर ठेवलं. माझ्या तळव्यापेक्षा ते मोठं होतं, गडद हिरवं, पापडासारखं मोडणारं.

"ह्यो माजलाय," ती म्हणाली.

माजणं म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. खायला फार मिळालं की वेल नुसता पसरतो. त्याला फुलायची घाई राहत नाही.

"त्याचं खानं तोड. भुका मार जरा त्याला."

मी ठिबकवाल्याला फोन केला. तो म्हणाला, देशी वाणाला वेळ लागतो, खत बंद केलंत तर सगळा पालाही जाईल, टाकी एकच आहे ना. ते खरंच होतं. एका टाकीत घेवड्याला उपाशी ठेवायचं तर पालक-मेथीही उपाशी राहणार. मी थांबले. दसरा गेला. आई रोज विचारायची, फूल धरलं का, आणि मी रोज आज-उद्या दिसेल म्हणायची. दिवाळी आली. वेल जाळीतून बाहेर पडून शेजारच्या पत्र्यावर गेला, खाली जिन्यात लोंबायला लागला, पाहुण्यांची लहान मुलं त्याला धरून झोके घ्यायला लागली. फूल एक नाही. आईनं विचारायचं सोडून दिलं आणि स्वतःच वर जाऊन एकेक शेंडा हातात धरून बघायला लागली. खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई वाकून बघायची. मी ओरडले तर म्हणायची, "तुला दिसत न्हाई म्हणून बघती."

पाडव्यानंतरच्या आठवड्यात ठिबकवाल्यानं फोन उचलणं बंद केलं. मी स्कूटर काढली आणि सरळ वराळ्याला गेले.

दुकानात एक नवरा-बायको बसले होते, तळेगावच्या नव्या सोसायटीतले असावेत. तो त्यांना समजावत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती. मी मागच्या खुर्चीवर बसले. त्या माणसानं नेमकं माझंच विचारलं, दोन टाक्या कशाला. आणि ठिबकवाला म्हणाला, सर, सगळ्याला एकच पाणी चालत नाही. पालेभाजीच्या पाण्यात पाला वाढवणारं खत जास्त असतं. तेच शेंगेच्या वेलाला देत राहिलात तर वेल नुसता वाढत सुटतो, फुलावर येत नाही. शेंग हवी असेल तर दुसरी टाकी लागतेच.

लागतेच. सोयीची पडते नाही, लागतेच.

मी उठले. "हे मला का नाही सांगितलं?"

त्यानं वळून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, तुम्ही बसा ना. चहा सांगतो."

"चहा नको. का नाही सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, दुसरी टाकी नको."

"मी नको म्हणाले. तू लागते म्हणालास का?"

"तुम्ही ऐकून घेतलं असतं का?"

"नसतं घेतलं. भांडले असते, उठून गेले असते. बी घेऊन गेले असते. माझं बी माझ्याकडे राहिलं असतं."

तो टेबलावरचे कागद गोळा करायला लागला. ती बाई मात्र माझ्याकडे सरकली आणि तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला केवढ्याला दिलं त्यांनी?" एरवी मी तिला बाजूला बसवून सगळं शिकवलं असतं. त्या दिवशी मी तिला एवढंच सांगितलं की हा माणूस नाही म्हणेल त्याच दिवशी त्याच्याकडून घ्या.

तो मग माझ्यामागे बाहेर आला. दुसरी टाकी उद्याच लावून देतो म्हणाला, मोटरसकट, फुकट. मला फुकट कधी आवडत नाही, पण मी हो म्हणाले, कारण माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. त्यानं घेवड्याच्या नळ्या वेगळ्या केल्या, नवी टाकी बसवली, नवं खत घातलं. आई तिथेच खुर्चीवर होती. तो हात धुऊन निघाला तेव्हा तिनं त्याला जवळ बोलावलं.

"भाऊ, फूल धरंल का?"

मी जिन्याच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता तरी हा खरं बोलेल. म्हणेल, आजी, उशीर झालाय, सांगता येत नाही.

"धरेल की आजी. पंधरा दिवसांत बघा."

आणि तो जिना उतरून गेला.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. वेलाची वाढ थांबली खरी, खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. भोगी आली. लोणावळ्याच्या मंडईतून मी घेवडा आणला, पाकिटाच्या बियाण्याचा, आणि भाजी केली. आईनं वाटीतली भाजी संपवली. चांगली झालीय म्हणाली. मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

संक्रांतीनंतर फूल आलं. पत्र्याकडेच्या एका फांदीवर जांभळा तुरा. आईनं वरून हाक मारून मला गच्चीवर बोलावलं, चार जिने चढून आल्यासारखी धापा टाकत होती, खरं तर ती खुर्चीतच होती. चार दिवसांत आणखी तुरे आले. आई म्हणाली, एक शेंग वाळली तरी पुरं, घरभर व्हईल. तिनं नवऱ्याकडून रंगीत दोरा मागून घेतला, बियाण्याच्या शेंगांना बांधायला.

मग एके दिवशी गच्चीवर आंबूस वास यायला लागला. मला वाटलं ड्रेनेज तुंबलं. नवऱ्यानं एक बादली उचलून बघितली तर ती नेहमीपेक्षा कितीतरी जड. तेवढ्या महिन्यांत माजलेल्या वेलाची मुळं भुसाभर पसरून बुडाच्या भोकात शिरली होती आणि भोक बुचासारखं बंद झालं होतं. पाणी आत उभं, मुळं काळी, हाताला बुळबुळीत. एक बादली बघितली, मग सगळ्या बघितल्या. आम्ही सुऱ्यांनी भोकं मोकळी केली, पाणी काढलं, कुजलेला भाग छाटला. फांद्या कापून मातीत लावल्या, त्याही गेल्या. आठ दिवसांत वेल जाळीवर वाळला.

सहा शेंगा मिळाल्या. जांभळ्या किनारीच्या, पण बोटाएवढ्याच. आईनं त्या ओट्यावर उन्हात ठेवल्या आणि वाळल्यावर स्वतः फोडल्या. आत बी होतं, पण मसुरीच्या सालीसारखं चपटं. तिनं एकेक अंगठ्यानं दाबून बघितलं.

"भरलंच न्हाई गं," ती म्हणाली.

तरी मी त्या सगळ्या बिया ओल्या फडक्यात घालून ठेवल्या. आठ दिवस पाणी शिंपडलं. बुरशी आली.

तेव्हापासून आई गच्चीवर येत नाही. पाय दुखतो म्हणते. पाय तिचा आधीही दुखायचा. नवरा म्हणतो, आता सोड, सोनं नव्हतं ते, घेवडा होता. शेजारी म्हणतात, तूच टाकी काढायला लावलीस. मी त्यांना विचारते, डॉक्टरकडे जाऊन मी म्हटलं दोनच गोळ्या द्या, तिसरी नको, तर डॉक्टर गप्प बसून दोन देईल का? की सांगेल, बाई, तिसरीशिवाय ताप उतरायचा नाही? ते म्हणतात, ठिबकवाला काय डॉक्टर आहे का. मग त्यानं इस्त्रीचा शर्ट घालून मला अर्धा तास शिकवलं कशाला?

मी गप्प बसलेली नाही. गच्चीवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे सांगते. पालक अजून छान येतो, सॅलडचा पाला येतो, लोक फोटो काढतात, आणि कुठून घेतलं म्हणून विचारतात. मी त्यांना कुठून घेतलं तेही सांगते आणि काय झालं तेही सांगते. हे त्याच्या कानावर गेलं असणार, कारण होळीच्या आधी त्याचा फोन आला. आवाज अगदी नम्र होता. म्हणाला, ताई, सगळं सामान परत घेऊन जातो, तुमची पूर्ण रक्कम देतो, एकदा विषय मिटवू या. मी आयुष्यात असा सौदा नाकारलेला नाही. वापरलेला माल, पूर्ण भाव. नवरा समोर बसून हातानं हो म्हण, हो म्हण करत होता.

मी म्हणाले, रक्कम तुझ्याकडे ठेव. तू माझ्या घरी ये.

तो विचारत होता, येऊन काय करू. मी सांगितलं, काय करायचं ते मी दारात सांगेन. येतो म्हणाला. आलेला नाही. नंतर दोनदा मी फोन केला, त्यानं उचलला नाही. म्हणून पुढचं त्यालाच उद्देशून इथे लिहिते.

माझ्याशी तू जे केलंस त्याचा मी धंदा म्हणून विचार करू शकते. मी तुला दाबलं, तू गप्प बसून माल कापलास, मी मूर्ख ठरले. पण माझ्या आईनं तुझ्याशी घासाघीस केली नव्हती. तिनं तुझ्याकडे काही कमी मागितलं नव्हतं. तिनं फक्त विचारलं होतं, फूल धरंल का, आणि तुला तेव्हा सगळं माहीत होतं. ती खालच्या खोलीत खिडकीपाशी बसते. समोरची खुर्ची रिकामी असते. ये, त्या खुर्चीवर बस, आणि तिला सांग की तुला माहीत असताना तू पंधरा दिवस का म्हणालास. मला नाही, तिला सांग.